आंजर्ल्याचा कडा आणि पाहणाऱ्यांच्या नजरा

निसर्गाचा एखादा देखावा सुंदर आहे, हे कोण ठरवते? पाहणाऱ्याचा डोळा, त्याचे संस्कार, त्याचा व्यवसाय की सरकारी अधिसूचना? दापोली तालुक्यातील आंजर्ले या किनारी गावाच्या निमित्ताने या प्रश्नाचा घेतलेला वेध.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, दापोलीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, जोग नदी समुद्राला मिळते. नदीच्या मुखाच्या दक्षिणेला हर्णै बंदर, तर उत्तरेला आंजर्ले. खाली नारळी-पोफळीच्या आगरांत दडलेली घरे, त्यापुढे लांबच लांब पुळण आणि गावाच्या पाठीशी उभा डोंगर. या डोंगरावर 'कड्यावरचा गणपती' म्हणून प्रसिद्ध असलेले देवस्थान आहे. खाडीवर पूल नव्हता, तेव्हा हर्णैकडून येणारी माणसे तरीने पैलतीर गाठत आणि पायवाटेने डोंगर चढत. आज वाहने थेट मंदिरापर्यंत जातात. कड्यावर उभे राहिले की माडांच्या झावळ्यांचा हिरवा पट्टा, खाडीचे वळण, निळा समुद्र आणि त्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग असे विस्तीर्ण दृश्य समोर येते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील सर्वांत रम्य देखाव्यांपैकी एक, असा त्याचा लौकिक आहे.

परंतु या कड्यावरून सर्वांना एकच दृश्य दिसते, असे मात्र म्हणता येत नाही. मुंबई-पुण्याहून आलेल्या पर्यटकाला तेथे शांतता आणि छायाचित्र दिसते. मासेमारी करणाऱ्याला वाऱ्याची दिशा आणि खाडीच्या मुखाशी साचलेली वाळू दिसते. बागायतदाराचे लक्ष कोणत्या आगरातील माड पिवळे पडले, याकडे जाते. भाविकाला खालचा सारा मुलूख देवाच्या नजरेखाली सुरक्षित असल्याचे समाधान मिळते. जमिनीचे व्यवहार करणारा मात्र समुद्राकडे तोंड असलेले भूखंड मोजतो. भूप्रदेश एकच, पण त्याचे 'दर्शन' वेगवेगळे. युरोपीय परिषदेने २००० साली फ्लॉरेन्स येथे स्वीकारलेल्या भूदृश्यविषयक करारातही हेच तत्त्व आहे. लोकांना जसा जाणवतो तसा प्रदेश म्हणजे भूदृश्य, अशी व्याख्या त्यात केली आहे. केवळ डोंगर, नदी आणि झाडे यांची बेरीज म्हणजे भूदृश्य नव्हे. पाहणाऱ्याची जाणीव हा त्याचा अविभाज्य भाग होय.

देव डोंगरावर का गेला?

या देवस्थानाविषयी सांगितली जाणारी आख्यायिका या दृष्टीने बोलकी आहे. गणपतीचे मंदिर पूर्वी समुद्रकिनाऱ्यावर होते. समुद्र आत येऊ लागला, मंदिराला धोका निर्माण झाला, तेव्हा गणपतीने आपले स्थान डोंगरावर हलविले, अशी श्रद्धा आहे. वाटेवर उमटलेले देवाचे पाऊलही दाखविले जाते. मूळ मंदिर लाकडी होते आणि सध्याचे मंदिर १७६८ ते १७८० या काळातील जीर्णोद्धारातून उभे राहिले, असे सांगितले जाते. गाभाऱ्यातील मूर्ती उजव्या सोंडेची आहे.

या कथेत देव डोंगरावर जातो तो देखाव्यासाठी नव्हे, समुद्राच्या भयाने. किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या समाजाच्या मनात समुद्र हा प्रथम दर्या आहे, म्हणजे अन्न देणारा आणि प्रसंगी जीव घेणारा. नारळी पौर्णिमेला त्याला नारळ अर्पण केला जातो तो याच भावनेतून. आंजर्ल्याच्या जुन्या वस्तीने पुळणीवर उघड्यावर घरे बांधली नाहीत. ती वाऱ्याच्या आड, आगरांच्या सावलीत वसली. समुद्र 'दिसावा' म्हणून घराला जादा पैसे मोजण्याची कल्पना त्या पिढ्यांना चमत्कारिक वाटली असती.

'पॉइंट'ची परंपरा

उंचावरून केवळ आनंदासाठी दूरवर पाहणे ही सवयही घडवली गेलेली आहे. इटालियन कवी पेत्रार्क १३३६ साली फ्रान्समधील माँ व्हाँतू पर्वत चढला, तो केवळ उंचावरून पाहण्याच्या इच्छेने, असे त्याने लिहून ठेवले. युरोपच्या सांस्कृतिक इतिहासात या घटनेचा वारंवार उल्लेख होतो. अठराव्या शतकात तेथे या विषयाला शास्त्राचे रूप आले. एडमंड बर्क याने १७५७ साली 'सुंदर' आणि 'भव्य' यांत भेद केला. जे कोमल, सुबक ते सुंदर. जे अफाट, धडकी भरविणारे आणि तरीही सुरक्षित अंतरावरून सुखावणारे ते भव्य. पुढे विल्यम गिल्पिन याने 'चित्रासारखे' दिसणारे देखावे कसे शोधावेत, याची प्रवासवर्णनेच लिहिली. त्यांतील पहिले, वाय नदीच्या प्रवासाचे, १७८२ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच काळात आंजर्ल्यासमोरचा सुवर्णदुर्ग थेट लंडनच्या भूदृश्याचा भाग झाला. १७५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स याने पेशव्यांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्रे यांच्या ताब्यातील सुवर्णदुर्ग जिंकला. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ साली लंडनच्या आग्नेयेकडील शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक तिकोनी मनोरा उभारला. 'सेव्हर्नड्रूग कॅसल' हे त्याचे नाव, म्हणजेच सुवर्णदुर्गाचा इंग्रजी अपभ्रंश. हा मनोरा आजही उभा आहे आणि लोक तेथे जातात ते लंडनचा देखावा पाहण्यासाठी. कड्यावरच्या मंदिराचा जीर्णोद्धार आणि हा मनोरा ही जवळपास एकाच काळातील बांधकामे. दोन्ही उंचावर, दोन्हींचा संबंध त्याच जलदुर्गाशी. एक भक्तीतून उभे राहिले, तर दुसरे विजयाच्या स्मृतीतून.

ही पाहण्याची रीत इंग्रजांनी सह्याद्रीतही आणली. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण म्हणून विकसित होऊ लागले. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानकडे लक्ष वेधले. दोन्ही ठिकाणी देखाव्याच्या जागा निश्चित झाल्या, त्यांना अधिकाऱ्यांची नावे मिळाली आणि 'पॉइंट' हा शब्द मराठीत कायमचा रुजला. आज कोकणच्या लहानशा गावातही 'सनसेट पॉइंट'ची पाटी दिसते, ती याच परंपरेची देणगी. 'पॉइंट' पाहणाऱ्याला उभे राहण्याची जागा आणि पाहण्याची दिशा ठरवून देतो. त्या दिशेला जे येत नाही, ते नजरेआड होते.

देखावा की भोवताल?

भारतीय परंपरेत निसर्गाकडे पाहण्याच्या अन्य रीतीही होत्या. प्राचीन तमिळ संगम साहित्यात डोंगर, रान, शेतमळा, समुद्रकिनारा आणि ओसाड प्रदेश अशा पाच भूप्रकारांची प्रेमाच्या पाच अवस्थांशी सांगड घातली आहे. त्यात समुद्रकिनारा हा विरहव्याकुळतेचा प्रदेश होय. तेथे निसर्ग हे दूरचे चित्र नसून मनाच्या स्थितीचेच नाव आहे.

मराठीत केशवसुत (१८६६-१९०५) आणि बालकवी (१८९०-१९१८) यांच्या पिढीने निसर्ग हा कवितेचा स्वतंत्र विषय केला. त्यांपैकी केशवसुत हे रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडचे. आंजर्ल्याच्या शेजारच्या मुर्डी गावात जन्मलेले कादंबरीकार श्री. ना. पेंडसे यांनी मात्र या भूमीकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. 'गारंबीचा बापू' (१९५२) आणि 'तुंबाडचे खोत' (१९८७) यांसारख्या कादंबऱ्यांत दापोली-खेड परिसराचा निसर्ग रम्य पार्श्वभूमी म्हणून येत नाही. चढ-उतार, पाऊस, खाडी, सुपारीची आगरे हे सारे माणसांच्या स्वभावात आणि भांडणांत मिसळलेले आहे.

सौंदर्यशास्त्राच्या भाषेत हा जुना वाद आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० साली मांडले की, सौंदर्याचा आस्वाद हा स्वार्थनिरपेक्ष असतो. वस्तूचा उपयोग काय, हा प्रश्न तेथे गैरलागू ठरतो. रा. भा. पाटणकर यांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथामुळे कांटचे हे विवेचन मराठी वाचकांना सविस्तर उपलब्ध झाले. या कसोटीने पाहिले तर पर्यटक सौंदर्याचा आस्वाद घेतो आणि बागायतदार केवळ उत्पन्नाचा विचार करतो, असा निष्कर्ष निघू शकतो. वस्तुतः तो अपुरा आहे. आगराला पाणी देणारा, पाखाडी दुरुस्त करणारा, गडगा रचणारा माणूस त्या जागेची निगा राखतो. तिचा नीटनेटकेपणा त्यालाही सुखावतो, फक्त त्यासाठी तो 'देखावा' हा शब्द वापरत नाही. शिवाय पर्यटकाला जे निखळ नैसर्गिक वाटते, ते आगर मुळात अनेक पिढ्यांच्या श्रमाने घडलेले आहे. अशा मानव आणि निसर्ग यांच्या संयुक्त निर्मितीला युनेस्कोने १९९२ पासून 'सांस्कृतिक भूदृश्य' या नावाने जागतिक वारशात स्थान दिले आहे.

विज्ञानाचा कौल

सौंदर्याची आवड केवळ संस्कारांतून येते की ती उपजत असते, याचा शोध शास्त्रज्ञही घेत आहेत. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे ॲपलटन यांनी १९७५ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार, जेथून दूरवर पाहता येते आणि जेथे स्वतः लपून सुरक्षित राहता येते, अशा जागा माणसाला आवडतात. शिकारी अवस्थेतील पूर्वजांच्या जगण्याशी या आवडीचा संबंध आहे, असे त्यांचे म्हणणे. आंजर्ले या उपपत्तीचे जणू चपखल उदाहरण ठरावे. कडा दूरदृष्टी देतो, तर आगर आडोसा.

१९८२ मध्ये अमेरिकेत बॉलिंग आणि फॉक या संशोधकांनी विविध वयाच्या लोकांना निरनिराळ्या भूप्रदेशांची छायाचित्रे दाखविली. आठ व अकरा वर्षांच्या मुलांनी कधी न पाहिलेल्या सव्हाना गवताळ प्रदेशाला अधिक पसंती दिली. वय वाढल्यावर परिचित वनप्रदेशही तितकेच आवडू लागले. म्हणजे उपजत ओढ आणि परिचय, दोन्ही आपापले काम करतात. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या २३ रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हिरवाई ही केवळ हौस नसून आरोग्याचा प्रश्न आहे, या विचाराला या अभ्यासाने बळ दिले.

अर्थात, छायाचित्रांवर आधारलेल्या अशा चाचण्यांना मर्यादा आहेत. आषाढातील आंजर्ले आणि वैशाखातील आंजर्ले यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शिवाय माशांच्या खळ्याचा वास, पोफळीच्या आगरातला गारवा आणि समुद्राची गाज छायाचित्रात उतरत नाही.

मोल कसे मोजायचे?

सौंदर्याची किंमत रुपयांत मांडणे अनेकांना रुचत नाही. परंतु जे मोजले जात नाही ते विकासाच्या हिशेबात शून्य धरले जाते, हा अर्थतज्ज्ञांचा युक्तिवाद आहे. त्यासाठी प्रामुख्याने तीन पद्धती वापरल्या जातात. पहिली प्रवासखर्चाची. हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाला ती सुचविली. लोक एखाद्या स्थळी पोहोचण्यासाठी जो पैसा आणि वेळ खर्च करतात, त्यावरून स्थळाचे मोल काढले जाते. दुसरी घरांच्या किमतींची. समुद्र दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या, एरवी सारख्याच सदनिकांच्या भावातील फरक ही देखाव्याची किंमत, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. तिसरी पद्धत लोकांना थेट विचारण्याची : ही जागा आहे तशी राहावी, यासाठी आपण किती पैसे द्याल? १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर 'एक्सॉन वाल्डेझ' या जहाजातून तेलगळती झाली, तेव्हा ही पद्धत गाजली. तो किनारा कधीही पाहण्याची शक्यता नसलेल्या अमेरिकी नागरिकांच्या उत्तरांवरून नुकसानीचा अंदाज २.८ अब्ज डॉलर इतका काढण्यात आला.

आंजर्ल्यासारख्या गावाला या पद्धती लावल्या तर त्यांतील उणीव तत्काळ ध्यानात येते. पुण्याहून शेकडो किलोमीटर गाडी चालवून आलेल्या कुटुंबाचा खर्च हिशेबात येतो. रोज संध्याकाळी पुळणीवर फिरणाऱ्या ग्रामस्थाचा खर्च शून्य, म्हणून त्याचे मोलही शून्य ठरते. देखाव्यामुळे जमिनीचे भाव वाढले तर तो लाभ जमीन विकणाऱ्याला एकदाच होतो. पुढच्या पिढीला मात्र आपल्याच गावात घर बांधणे अवघड होते. शिवाय प्रत्येक नवे बांधकाम स्वतःसाठी समुद्राचे दृश्य मिळविते आणि कड्यावरून दिसणारे सर्वांचे दृश्य थोडे कमी करते.

कायद्यातून निसटलेला शब्द

किनाऱ्याच्या सौंदर्याची दखल भारतात सर्वोच्च पातळीवर घेतली गेली ती १९८१ मध्ये. तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. किनाऱ्यांच्या सौंदर्यमूल्याचा त्यात स्पष्ट उल्लेख होता. त्यातूनच १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारपट्टी नियमन क्षेत्र अर्थात 'सीआरझेड' अधिसूचना साकारली. सर्वाधिक संरक्षित अशा पहिल्या वर्गात तिने खारफुटी, प्रवाळ, प्रजननक्षेत्रे यांच्याबरोबर 'असामान्य निसर्गसौंदर्याचे प्रदेश' यांचाही समावेश केला होता. ब्रिटनमध्ये १९४९ च्या कायद्याने अशाच नावाचा संरक्षित वर्ग निर्माण केला होता.

तथापि, २०११ च्या नव्या अधिसूचनेत संरक्षित बाबींची यादी अधिक काटेकोर झाली. वाळूच्या टेकड्या, चिखलाणी, पक्ष्यांची वीणस्थळे, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे, पुरातत्त्वीय वारसास्थळे यांची त्यात गणना झाली; निसर्गसौंदर्य हा निकष मात्र गळाला. २०१९ च्या अधिसूचनेतही तो परतला नाही. याच अधिसूचनेने दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवर बांधकामास मनाई असलेला पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणण्याची मुभा दिली. सौंदर्य मोजता येत नाही, ते व्यक्तिसापेक्ष आहे, न्यायालयात सिद्ध करणे कठीण आहे, या अडचणी खऱ्याच. पण परिणाम असा की, 'देखावा बिघडतो' ही तक्रार करण्यास आज या अधिसूचनेत आधार उरलेला नाही. कासव, खारफुटी वा वाळूची टेकडी दाखविता आली, तरच किनाऱ्याच्या बाजूने बोलता येते.

आंजर्ल्याच्या बाजूने ते बोलणारी कासवे आहेत. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात येथील पुळणीत रात्री अंडी घालतात. एका घरट्यात साधारण शंभरावर अंडी असतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ मध्ये वेळास येथे सुरू केलेली संवर्धनाची चळवळ पुढे आंजर्ल्यासह अन्य गावांत पोहोचली आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी येथेही कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले प्रकाशाच्या दिशेने धावतात, त्यामुळे किनाऱ्यावरील दिवे त्यांना भरकटवितात. अर्थात, कासवांसाठी पुळण रात्री काळोखी हवी. 'सी व्ह्यू'च्या झगमगाटाला सुंदर मानणाऱ्या नजरेला काळोखाचे मोल नव्याने शिकविणारा हा धडा आहे.

सुंदर न दिसणारे

निसर्गसौंदर्याच्या चर्चेत सर्वाधिक अन्याय होतो तो न नटलेल्या प्रदेशांवर. खाडीकाठचे खाजण अनेकांना केवळ चिखल वाटते. प्रत्यक्षात ती मासे आणि कोळंबीची पाळणाघरे असतात आणि खारफुटी वादळाचा जोर कमी करते. जांभ्या दगडाचे सडे उन्हाळ्यात करपलेले दिसतात. महसुली दप्तरात त्यांची नोंद बहुधा पडीक वा पोटखराब अशीच असते. पावसाळ्यात मात्र त्याच कातळावर इवल्या रानफुलांचे गालिचे उमटतात. रत्नागिरीतील उक्षी, कशेळी, बारसू यांसारख्या सड्यांवरील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हा या 'ओसाड' जागांकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली. निसर्गाचा यथार्थ आस्वाद घ्यायचा तर त्याचे शास्त्रीय ज्ञान हवे, हा कॅनडातील तत्त्वज्ञ ॲलन कार्लसन यांचा सिद्धान्त येथे पटतो. माहिती मिळाली की चिखलाचेही रूप पालटते.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्याचा तडाखा लगतच्या दापोली आणि मंडणगड तालुक्यांनाही बसला आणि काही तासांत आगरेच्या आगरे आडवी झाली. पर्यटकांच्या दृष्टीने एक रमणीय देखावा हरपला होता. गावांच्या दृष्टीने आजोबांनी लावलेली झाडे, घराचे उत्पन्न आणि वाऱ्याचा आडोसा एकाच वेळी गेला होता. नव्याने लावलेली पोफळ किंवा माड उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षे लागतात. कड्यावरून दिसणारा हिरवा पट्टा पुन्हा भरू लागतो तो ही लागवड कोणीतरी चिकाटीने करते म्हणून.

त्यामुळे आंजर्ल्याचे सौंदर्य टिकवायचे, तर आगर राखणारे कुटुंब गावात टिकले पाहिजे, पुळण काळोखी राहिली पाहिजे आणि खाजण व सडे 'रिकामी जागा' मानण्याची सवय सुटली पाहिजे. कड्यावरून सूर्यास्त पाहायला येणाऱ्यांची संख्या वाढते आहे. तो देखावा ज्यांच्या श्रमावर आणि संयमावर उभा आहे, त्यांचा विचार नियोजनात कितपत होतो, यावर पुढच्या पिढीला तेथून काय दिसेल हे ठरणार आहे.